कणीक की ज्वारी : लक्ष्मीनगरातील एका बैठकीच्या रंगाचे प्रकरण

नागपुरात घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करताना माझा अनुभव असा आहे की गडद रंगांपाशी लोक फारसे अडत नाहीत. निळा हवा की हिरवा, हे घरातली माणसे आपसांत ठरवून मोकळी होतात. घोडे अडते ते दोन फिकट, पांढऱ्याच्या जवळपासच्या आणि एकमेकांशी इतक्या मिळत्याजुळत्या रंगांपाशी, की दुकानदार, पेंटर आणि शेजारीपाजारी सगळेच ‘कोणताही लावा, फरक काय पडतो’ असे सांगून मोकळे होतात. फरक पडतो, असे माझे ठाम मत आहे. तो कुठे पडतो आणि कसा ओळखायचा, हे गेल्या दिवाळीच्या आधी लक्ष्मीनगरातील एका घरात मला जितके स्वच्छ पाहायला मिळाले तितके आधी कधी मिळाले नव्हते. म्हणून ते प्रकरण, त्यात माझ्या हातून झालेल्या चुकीसह, सविस्तर लिहून ठेवत आहे.

घर साधारण चाळीस वर्षांपूर्वीचे, एकमजली आहे. काका निवृत्त झालेले आहेत, काकू घरी शिकवण्या घेतात आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असतो. रंगवायची होती ती बैठक आणि तिला लागून असलेला छोटा पॅसेज. बैठक १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. उत्तरेच्या भिंतीला एक रुंद खिडकी असून तिच्या अगदी बाहेर, कंपाउंडला लागून, मोठा कडुनिंब आहे. पश्चिमेला एक लहान खिडकी आहे. होळीच्या सुमारास तिच्यात कूलर बसतो आणि मृगाचा पाऊस नीट स्थिरावेपर्यंत तो तिथून हलत नाही. फरशी जुन्या मोझॅइकची आहे, म्हणजे पिवळसर सिमेंटमध्ये तपकिरी आणि काळे दगडी तुकडे. तीन दरवाजे सागवानाचे आहेत आणि नुकतेच पॉलिश केल्यामुळे त्यांना चांगला तांबूस-नारिंगी उठाव आला होता. सोफ्याचे कापड आणि पडदे पुढे बदलायचे होते, म्हणून मी ते विचारातून काढून टाकले. फरशी, दरवाजे, खिडक्यांच्या दिशा आणि कडुनिंब या चार गोष्टी बदलणार नव्हत्या, त्यामुळे रंगाला याच चौघांशी जमवून घ्यावे लागणार होते.

दसरा होऊन गेला होता, दिवाळीला अठरा दिवस उरले होते, पावसाने ओलावलेल्या भिंती बऱ्यापैकी वाळल्या होत्या आणि तीन भिंतींचे लांबी (पुट्टी) भरण्याचे व घासण्याचे काम आटोपत आले होते. काकूंनी सीताबर्डीवरच्या एका दुकानातून शेडकार्ड आणून त्यातल्या दोन चौकटींवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. दुकानाचे क्रमांक कोणाच्याही लक्षात राहत नव्हते, म्हणून काकूंनी त्यांना आपल्या स्वयंपाकघरातली नावे दिली. जी छटा किंचित उबदार होती तिचे नाव ‘कणीक’ पडले आणि जी किंचित राखाडीकडे झुकत होती तिचे ‘ज्वारी’. नावे इतकी नेमकी होती की पुढे माझ्या वहीतही मी तीच लिहू लागले. कार्डाच्या मागे प्रत्येक छटेचे एलआरव्ही, म्हणजे पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग परत फिरतो त्याचा ० ते १०० या मापावरचा आकडा, छापलेला होता. कणकेचा ७२ होता आणि ज्वारीचा ७०. घरात मात्र ‘ज्वारी अंधार करेल’ अशी भीती काकांना वाटत होती. दोन अंकांचा हा फरक खोलीच्या उजेडात कोणाच्या डोळ्यांना जाणवणारा नाही, हे मी पहिल्यांदा स्पष्ट केले. काकांना जे अंधारे वाटत होते ते ज्वारीचे करडेपण होते. उजेडाच्या दृष्टीने दोन्ही रंग बरोबरीचे होते, त्यामुळे निवड झाकेवरच व्हायची होती.

झाक हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. दुकानातल्या टिंटिंग मशीनमध्ये पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्यांचे मोजके थेंब पडतात. फिकट छटेसाठी ते थेंब इतके थोडे असतात की पिवळा, काळा, तांबडा यांपैकी एखाद्याचे प्रमाण जरासे इकडचे तिकडे झाले तरी छटेचा स्वभाव बदलतो. पिवळ्या ऑक्साइडमध्ये काळे मिसळले की हिरवटपणा येतो, आणि त्यातच तांबडे ऑक्साइड पडले की तो हिरवटपणा मारला जाऊन रंग गुलाबटाकडे वळतो. ज्वारीत पिवळे आणि काळे प्रमुख होते, तर कणकेत तांबड्याचा अंश होता. हे मला दुकानदाराने सांगितले नाही. कार्डाच्या त्या त्या पट्टीवरची सर्वांत खालची, सर्वांत गडद चौकट पाहिली की ते कळते. ज्वारीच्या पट्टीच्या तळाशी शेवाळी करडा होता आणि कणकेच्या पट्टीच्या तळाशी विटकरीकडे झुकणारा तपकिरी. फिकट चौकटीत जे दबलेले असते ते गडद चौकटीत उघडे पडते, म्हणून झाक ओळखायला मी नेहमी पट्टीच्या तळापासून सुरुवात करते.

इतके माहीत असूनही पहिल्या दिवशी माझे चुकले. दुपारी बाराच्या सुमारास, जेवणाच्या टेबलावर कार्ड आडवे ठेवून, मागच्या अंगणाच्या उघड्या दारातून येणाऱ्या लख्ख उजेडात मी दोन्ही चौकटी पाहिल्या आणि ‘ज्वारी अधिक संयत आहे, तीच घेऊ’ असे सांगून टाकले. ज्या खोलीला रंग द्यायचा त्या खोलीत मी कार्ड नेलेच नव्हते. शिवाय भिंत उभी असते आणि टेबल आडवे. आडव्या पृष्ठभागावर वरून उजेड पडतो, उभ्या भिंतीवर तो बाजूने येतो आणि फरशीवरूनही उसळतो. त्याच संध्याकाळी मुलाने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर दोन्ही चौकटी पाहिल्या आणि ‘आई, ज्वारीच घ्या, ती आजकालच्या घरांसारखी दिसते’ असे सांगितले. फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्यातला पांढरा रंग स्वतःच्या हिशेबाने दुरुस्त करून घेत असतो, आणि दोन फिकट छटांमधला जो बारीक उबदार-थंड फरक आपण शोधत असतो तोच नेमका तो पुसून टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून फर्निचरची मांडणी ठरवता येते. फिकट रंगाची झाक ठरवता येत नाही. मुलाच्या मताला घरात मान होता आणि माझ्या मतालाही, त्यामुळे निर्णय जवळपास झाल्यातच जमा होता.

दुसऱ्या दिवशी पेंटरभाऊंनी खात्रीसाठी म्हणून दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून भिंतीवर पॅच मारले. जी भिंत अजून घासायची राहिली होती तिच्यावरच, जुन्या पिस्ता रंगावर, प्रायमर न लावता, ब्रशचा एकेक हात देऊन, एकमेकांना चिकटून दोन चौरस. आम्ही सगळे समोर उभे राहिलो. भाऊ म्हणाले, “मॅडम, दोन्ही सारखेच दिसून राहिले. कोणताही मारू, फरक नाही पडत.” काकूंचे म्हणणे अगदी उलटे होते. त्यांना कणीक सरळ गुलाबी दिसत होती, लहान मुलांच्या खोलीसारखी, आणि ज्वारी स्वच्छ दिसत होती. म्हणजे पॅच पाहूनही कौल ज्वारीच्याच बाजूने गेला.

मला मात्र त्या पॅचवर विश्वास ठेवता येईना. पिस्ता हा हिरवा आहे, आणि हिरव्याच्या मधोमध ठेवलेला कोणताही तटस्थ रंग डोळ्याला हिरव्याच्या विरुद्ध, म्हणजे गुलाबटाकडे, ओढला गेलेला दिसतो. मिशेल यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा नियम १८३९ साली मांडला. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी सांभाळताना त्याच्याकडे तक्रार आली होती की काळी लोकर पुरेशी काळी होत नाही. तपासणीत आढळले ते असे की लोकरीच्या रंगाईत दोष नव्हता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळ्याचा जोर कमी भासत होता. आमच्या भिंतीवरही तेच घडत होते. कणकेचा थोडासा तांबूसपणा पिस्त्याने चढवून दाखवला, आणि ज्वारीतला हिरवटपणा त्याच पिस्त्याने खाऊन टाकून तिला स्वच्छ ठरवले. शिवाय एकाच हातात जुना रंग पुरता झाकला गेला नव्हता, आणि दोन चौरस चिकटून असल्यामुळे तेही एकमेकांना विरुद्ध दिशांना ढकलत होते. ज्या पिस्त्यामुळे हा निकाल लागत होता तो पिस्ता चार दिवसांत भिंतीवरून नाहीसा होणार होता.

काकांनी विचारले, “मग काय करायचं? दिवाळी तोंडावर आली आहे.” मी चार दिवस मागून घेतले आणि त्या चार दिवसांत भाऊंनी छताचे काम उरकावे असे ठरले.

प्रत्येक छटेसाठी एक असे हार्डबोर्डचे अडीच फूट बाय दोन फुटांचे दोन तुकडे, म्हणजे दोन फळे, आणले. त्यांना पांढरा प्रायमर, त्यावर रोलरने दोन हात, मध्ये पुरेसा अवकाश, आणि कडेला चारही बाजूंनी दोन इंचांची पांढरी चौकट सुटलेली. रोलर मुद्दाम वापरला, कारण भिंतीवरही रोलरच फिरणार होता आणि ब्रशच्या रेघांमध्ये सावली साठून रंग किंचित गडद भासतो. चकाकीसुद्धा प्रत्यक्ष लावायच्या इमल्शनचीच, म्हणजे हलकी मऊ चकाकी असलेली घेतली. जास्त चकाकीचा फळा खिडकीचे प्रतिबिंब दाखवतो आणि रंग धुऊन निघाल्यासारखा दिसतो. शिवाय बाजूने उजेड पडला की लांबीतले उंचवटे उघडे पडतात. इमल्शन ओले असताना फिकट दिसते आणि वाळताना गडद होते, म्हणून पूर्ण एक दिवस फळ्यांकडे कोणी पाहायचे नाही असा नियम काकूंनी घरात लावला आणि फळे आतल्या खोलीत पलंगामागे ठेवून दिले.

पुढचे तीन दिवस आम्ही फळे भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरवले, नेहमी उभे आणि भिंतीला टेकवून. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पावणेपाच आणि रात्री साडेआठ या वेळा मी घड्याळ पाहून ठरवल्या नव्हत्या. सकाळी काका बैठकीत वर्तमानपत्र वाचतात, दुपारी काकू पडतात, संध्याकाळी शिकवणीची मुले येतात आणि रात्री सगळे तिथे टीव्हीसमोर असतात. खोली ज्या वेळी वापरली जाते त्याच वेळी रंग पाहावा, एरवीच्या वेळी तो कसा दिसतो याला फारसे महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. माझी दुसरी अट अशी होती की दोन फळे शेजारी ठेवून फक्त झाक ओळखायची. पसंती ठरवताना एक फळा खोलीबाहेर न्यायचा. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांतला फरक वाढवून दाखवतात, आणि घरच्यांना तर पुढची पाचसात वर्षे त्यांपैकी एकट्याच रंगासोबत राहायचे असते.

सकाळी आठ वाजता उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे खिडकीतून आत येतो तो आकाशाचा निळसर, विखुरलेला उजेड, आणि तोही कडुनिंबाच्या पानांतून गाळलेला. त्या उजेडात ज्वारीचा फळा खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवला आणि काकू लगेच म्हणाल्या, “अगं, ही तर आजारी दिसते.” शब्द अचूक होता. निळ्या-हिरव्या उजेडाने तिच्या आतला शेवाळी अंश वर काढला होता. त्याच जागी कणकेचा फळा ठेवला तेव्हा तो शांत, जवळजवळ बिनझाकेचा दिसला. उजेडाचा थंडपणा आणि रंगाचा उबदारपणा यांनी एकमेकांची बरोबरी केली होती. पिस्त्यावर गुलाबी दिसणारा तो हाच रंग, हे काकांना मान्य करायला दोन वेळा डबा तपासून पाहावा लागला.

मग मी फळे सागवानी दरवाजाच्या चौकटीला अगदी भिडवून ठेवले. हा या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटलेला क्षण होता. पॉलिश केलेल्या सागवानाचा रंग नारिंगीच्या घरातला, आणि नारिंगीच्या शेजारी तटस्थ रंग निळसर-हिरव्याकडे ढकलला जातो. ज्वारी मुळातच तिकडे झुकलेली. चौकटीशेजारी तिची कड चक्क हिरवी भासू लागली, आणि फळा हातभर लांब सरकवताच ती पुन्हा करडी झाली. कणकेच्या बाबतीत सागवानाने तिचा तांबूसपणा आपल्याकडे ओढून घेतला आणि भिंत साधी, साईसारखी उरली. काकू फळ्याची कड चौकटीपासून एक वीत दूर नेत आणि परत आणत, असे चार वेळा करून पाहत होत्या. खोलीत असे तीन दरवाजे होते, म्हणजे सहा उभ्या कडांवर हा खेळ रोज दिसणार होता.

दुपारी एक वाजता फरक सर्वांत कमी होता आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मोझॅइकवरून उसळलेला पिवळसर उजेड भिंतीच्या खालच्या तीन फुटांत दोन्ही रंगांना थोडे उबदार करत होता, एवढेच.

पावणेपाचला पारडे फिरले. पश्चिमेच्या खिडकीतून उतरते ऊन पूर्वेच्या भिंतीवर पडते तेव्हा ज्वारी फार सुंदर दिसते, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्या उन्हात ती खरोखर दळलेल्या ज्वारीच्या पिठासारखी दिसत होती, आणि कणीक मात्र पीचकडे गेली. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळत होता. म्हणजे दिवसातला साधारण तासभर ज्वारी सरस होती. काकांचे मन त्या तासात पुन्हा ज्वारीकडे वळले आणि त्यांचे चुकत नव्हते. पश्चिमेला मोठी खिडकी असलेली खोली असती तर मीही ज्वारीच सुचवली असती.

रात्री साडेआठची नोंद घेताना मला नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करावा लागला, आणि माझ्या मते या शहरात रंग निवडताना हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे. मार्च उजाडला की पश्चिमेच्या खिडकीत कूलर बसतो आणि तिचा उजेड बंद होतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा उत्तरेच्या खिडकीवरही जाड पडदा ओढला जातो, आणि भर दुपारी दोन वाजता घर ट्यूबलाइटखाली जगत असते. म्हणजे वर्षातले तीनसाडेतीन महिने या बैठकीत दिवसाचा उजेड जवळपास नसतोच. ट्यूबलाइटखालचा रंग हा नागपुरात रात्रीपुरता रंग नसतो. उन्हाळ्यात तो दिवसाचाही रंग असतो. म्हणून साडेआठच्या निरीक्षणाला मी दुप्पट वजन द्यायचे ठरवले.

घरात ६५०० केल्विनच्या चार एलईडी ट्यूब होत्या. हा प्रकाश निळसर-पांढरा असतो. एलईडीचा पांढरा प्रकाश निळ्या दिव्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन तयार होतो, आणि साध्या ट्यूबमध्ये, जिचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याच्या क्षमतेचा १००पैकी आकडा, ८०च्या आसपास असतो, गडद तांबड्या प्रकाशाचे प्रमाण कमी पडते. त्यामुळे कणकेचा तांबूस अंश तिथे आपोआप दबतो, आणि ज्वारीचा हिरवट अंश दबायला मात्र काही कारण नसते. प्रत्यक्षातही तसेच घडले. रात्री ज्वारीच्या फळ्याशेजारी बसलेल्या काकांचा चेहरा थकलेला दिसत होता. कणकेशेजारी तो नेहमीसारखा दिसला. प्रयोगासाठी मी दोन ट्यूब उतरवून ४००० केल्विनच्या, म्हणजे कमी निळसर उजेडाच्या, लावल्या तेव्हा ज्वारी बरीच सुधारली. पण कूलरच्या दिवसांत थंड उजेडच बरा वाटतो, असे काकूंचे म्हणणे होते आणि ते मला रास्त वाटले, म्हणून दिव्यांचा प्रश्न मी ताणला नाही.

फळ्यावर जे दिसते ते चार भिंतींवर अधिक ठळक दिसेल, हेही घरच्यांना आधीच सांगणे गरजेचे होते, कारण ‘कार्डावर इतका दिसत नव्हता’ ही तक्रार रंग लागल्यावर हमखास येते. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर उसळतो आणि दर वेळी झाक वाढत जाते. उदाहरणादाखल असे समजू की एखादा फिकट उबदार रंग तांबड्या प्रकाशापैकी ७५ टक्के आणि निळ्यापैकी ६५ टक्के परत पाठवतो. पहिल्या उसळीनंतर तांबडे निळ्याच्या १.१५ पट असते, दुसऱ्या उसळीनंतर १.३३ पट आणि तिसऱ्यानंतर १.५४ पट. म्हणून चार भिंती रंगवल्यावर कोपऱ्यांत रंग दाट दिसतो. घरी हे पाहण्यासाठी एक साधी रीत आहे: त्याच रंगाचे दोन फळे काटकोनात उभे करून त्यांच्या मधल्या कोपऱ्यात पाहावे. आम्ही कणकेचा आणखी एक फळा करून तेच केले. कोपरा दाट झाला, थोडा गुलाबटही झाला, पण काकूंना तो गुलाबीपणा खटकला नाही. ज्वारीचा असा कोपरा करण्याची गरज मला वाटली नाही, कारण सकाळचा तो ‘आजारी’ शब्द एका सपाट फळ्यावरच उच्चारला गेला होता.

चौथ्या दिवशी दोन सूचना पुढे आल्या. पहिली मुलाची होती: दोन्हींच्या मधली छटा करून घ्यावी. मी नाही म्हटले, कारण अर्धे-अर्धे मिसळून केलेल्या रंगाला क्रमांक नसतो आणि दोन वर्षांनी खिळ्याचे भोक बुजवायचे झाले तर तो रंग पुन्हा जमत नाही. दुसरी सूचना भाऊंची होती: निवडलेल्या छटेचे कार्ड यंत्राने तपासून तीच छटा दुसऱ्या, स्वस्त कंपनीच्या बेसमध्ये करून घ्यावी, म्हणजे पैसे वाचतील. भाऊ काकांच्या खिशाचा विचार करून बोलत होते, हे मला दिसत होते. पण वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून जुळवलेल्या दोन छटा एका दिव्याखाली तंतोतंत सारख्या आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात. दुकानातल्या उजेडात जुळलेली कणीक कडुनिंबाच्या उजेडातही जुळेल याची हमी नव्हती, आणि चार दिवसांची सगळी तपासणी ज्या डब्यातल्या रंगावर झाली होती तोच रंग भिंतीवर जायला हवा होता. काका म्हणाले, “भाऊ, जे पाहिलं तेच लावू,” आणि भाऊंनीही ते मानले.

निर्णय कणकेचा झाला. पॅसेजला ज्वारी लावावी, म्हणजे तीही वाया जाणार नाही, असा विचार काकूंच्या मनात होता. मी तो सोडायला लावला. दोन जवळचे फिकट रंग उघड्या दारातून एका नजरेत दिसले की त्यांतला एक नेहमी मळलेला भासतो, आणि इथे तो ज्वारीचाच भासला असता. वेगळा रंग द्यायचा तर तो वेगळा आहे हे उघड दिसेल इतका वेगळा द्यावा, नाहीतर एकच पुढे न्यावा.

हिशेब असा झाला. बैठकीच्या भिंतींचे क्षेत्रफळ ५६० चौरस फूट. दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ४५०. पॅसेजचे १२० धरून एकूण ५७०. लांबी आणि प्रायमर झालेल्या या भिंतींवर दोन हातांसाठी लिटरला साधारण ६३ चौरस फूट पडतील असा भाऊंचा अंदाज होता, म्हणजे ९ लिटर. चार-चार आणि एकेक लिटरचे डबे घेण्याऐवजी १० लिटरचा एकच डबा एकदाच टिंट करून घेतला, कारण फिकट छटेत थेंबाथेंबाचा फरक दोन डब्यांमध्येही पडू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी काम पूर्ण झाले आणि साधारण लिटरभर रंग उरला.

मी त्या घरी पुढे दोनदा गेले. पहिल्यांदा गेले ती फेब्रुवारीच्या अखेरीस, मुद्दाम. त्या सुमारास कडुनिंबाची पाने झडतात आणि खिडकीतला हिरवा गाळणा काही आठवडे नाहीसा होतो; रंगावर त्याचा परिणाम काय होतो हे ऑक्टोबरात तपासता आले नव्हते. उजेड अधिक निळसर-पांढरा झाला होता आणि कणीक तेव्हा सर्वांत तटस्थ दिसत होती, जवळजवळ पांढरी. तांबडी, कोवळी पालवी फुटायला लागली होती, पण तिचा भिंतीवर काही परिणाम मला दिसला नाही.

दुसऱ्यांदा गेले ती मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवसांत नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. नंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि जूनमध्ये मावळतीला तर तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या ज्या खिडकीला वर्षभर थेट ऊन माहीत नसते तिच्यातून या दिवसांत संध्याकाळी तिरपे ऊन आत शिरते. हे मी विसरले नव्हते, पण त्याला पुरेसे महत्त्व दिले नव्हते. पडदा बाजूला केला तेव्हा खिडकीलगतच्या भिंतीवर ते ऊन घासत गेले आणि कणीक तिथे चांगलीच पीच झाली. ऑक्टोबरात पूर्वेच्या भिंतीवर झाली होती त्याहूनही जास्त. काकूंनी सांगितले की त्या वेळी पडदा ओढलेलाच असतो, आणि कूलर चालू असताना तो कोणी उघडत नाही.

पडदा परत ओढला आणि ट्यूब लावली. कूलरच्या बाजूच्या भिंतीवर उडालेल्या पाण्याचे पांढरट क्षारांचे डाग पडले होते. ते ओल्या फडक्याने निघत होते, पण एका जागी फडके जोरात घासल्याने चकाकी वाढून हातभर पट्टा वेगळा दिसू लागला होता. काकांनी माळ्यावरून उरलेल्या रंगाचा डबा काढला. त्याच्या झाकणावर काकूंनी छटेचा क्रमांक, बॅच, तारीख आणि खाली ‘कणीक’ असे लिहून ठेवले होते. डबा नीट ढवळून, लहान रोलरने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढीच भिंत पाऊस लागल्यावर, कूलर निघाला की पुन्हा करायची असे ठरले.